पासवर्ड फक्त योगिनीकडे

१

आमच्या शेडमधलं डाळिंब निवडायचं मशीन खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता बंद पडलं, आणि सव्वानऊपर्यंत गुन्हेगारही ठरला. इतका झटपट निकाल मी आयुष्यात पाहिला नाही. आमच्या घरच्या बांधाची तारीख अकरा वर्षं पडते आहे.

मी संतोष. सिन्नरजवळच्या या शेडमध्ये वायरमन. मोटर, पट्टा, दिवे, पंखे माझ्याकडे, संगणक योगिनीकडे. ती नाशिकच्या इंदिरानगरची, रोज बसनं यायची. दोन वर्षांपूर्वी हे मशीन आलं तेव्हा तिनंच ते बसवलं. पट्ट्यावरून डाळिंब जातं, वर तीन कॅमेरे असतात. संगणक क्षणात रंग, डाग, आकार बघतो आणि फळ बरोबर त्या त्या खोक्याकडे ढकलतो. एवढं पटकन बघायचं म्हणून त्यात एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड आहे. कार्ड चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे तो प्रोग्राम, कार्डाच्या कंपनीचा. आत काय आहे ते कंपनी कुणाला दाखवत नाही. संगणक मात्र लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीवर, आणि लिनक्सवाल्यांना सगळं उघडं लागतं. या दोघांचा संसार योगिनीनं दोन वर्षं टिकवला होता. एकदा इंटरनेटवरून आपोआप काहीतरी नवं उतरलं आणि दोघांचं तीन दिवस बोलणं बंद झालं. तेव्हापासून तिनं शेडचं इंटरनेटच काढून टाकलं.

आज तिचा इथला शेवटचा दिवस होता. पुण्याला नोकरी लागली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मूळ कागदांसकट हजर व्हायचं होतं, आणि तिचे मूळ कागद, म्हणजे पदवी आणि सगळ्या मार्कशीट, भारतदादाच्या लोखंडी कपाटात होते. भारतदादा शेडचा कारभारी. शेड त्याच्या आईच्या, कुसाबाईंच्या नावावर. कामाला लागताना मूळ कागद जमा करायचे, ही आमच्याकडची पद्धत. कुसाबाईंसमोर कागदावर लिहून ठरलं होतं, की खंडेनवमीला चालू मशीन नीट ताब्यात द्यायचं आणि कागद घेऊन जायचं. मशीन नीट नसेल तर हंगाम संपेपर्यंत थांबायचं. हंगाम संपायला अजून चार महिने होते.

सकाळी दरवर्षीसारखी पूजा झाली. वर्षातून हा एकच दिवस असा, की मशीनचे सगळे प्लग काढून ते स्वच्छ पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. एरवी संगणकाचा प्लग कधी निघतच नाही. लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे. नारळ फुटला, मी प्लग लावले, बटण दाबलं. पट्टा फिरला. पण पडदा काळा, आणि कॅमेऱ्याखालून सगळी डाळिंबं एकाच खोक्यात.

योगिनी आरतीचं ताट ठेवून धावत आली. दहा मिनिटं कीबोर्ड बडवला आणि जे दिसलं ते भोळेपणानं सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली.

"कार्ड जागेवर आहे. ड्रायव्हर पण आहे. पण तो आत यायला गेला की संगणक त्याला दारातूनच परत पाठवतोय. सिक्युअर बूट नावाची सोय असते, दादा. ओळखीची सही नसलेला प्रोग्राम ती आत घेत नाही. आपला ड्रायव्हर मी हातानं बसवलाय, त्याच्यावर तसली सही नाही. म्हणून ती सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली होती. आज ती चालू झालीय."

"आपोआप?" भारतदादानं विचारलं.

"आपोआप नाही होत. आतल्या सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते. आणि तिथे मी पासवर्ड ठेवलाय."

"तो कुणाकुणाला माहीत हे?"

योगिनी थांबली. 

"फक्त मला," ती म्हणाली.

२

भारतदादानं फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "मशीन नीट होईस्तोवर कुणी बाहेर जायचं नाय. चोर आतच हे."

ऑक्टोबरचं ऊन. वर पत्रा. मी पंखे लावले तर ते गरम हवाच फिरवायला लागले. आत आम्ही चौघं, आणि बाहेर लिंबाखाली मजूर बायकांची मुकादम नवसाबाई आणि तिच्याबरोबर आलेल्या वीसेक बायका आपापली गोणपाटं अंथरून बसलेल्या. सणाच्या दिवशी फाटकाबाहेर जायची चोरी, म्हणून त्यांचीही कुजबूज चालली होती.

"जाता जाता चावी मारून ठेवली हिनं," भारतदादा आईला सांगत होता. "म्हंजे उद्या आपण फोन करायचा, अन् हिनं पुण्यात बसून दर लावायचा."

"मी असं कशाला करेन? माझेच कागद अडकलेत ना?" योगिनी म्हणाली. "मशीन बंद पडलं तर मीच इथे अडकते."

"मग पासवर्ड कुणी वापरला? भुतानं?"

मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःची काळजीही वाटली. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

"डबा उघडून बघते," योगिनी म्हणाली. संगणक पत्र्याच्या डब्यात होता आणि झाकणाला चार स्क्रू. "संतोषदादा, पेचकस द्या."

पेचकस पूजेत होता. सगळीच हत्यारं पाटावर मांडलेली, वर हळदकुंकू, वर झेंडू. मी हात पुढे केला तेवढ्यात भारतदादा मध्ये आला.

"हात नाय लावायचा. मशीन चालवायला हरकत नाय, पण पूजेतली हत्यारं उद्या सोनं वाटल्याबिगर उचलायची नाय. आपली रीत हे."

मी कुसाबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पदर डोक्यावर, नजर लेकाकडे.

परवा सकाळी दहाला पुणे. आज डबा उघडायचा नाही. योगिनी त्या बंद डब्यासमोर फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतेय असं वाटलं. पण तिनं हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "न उघडता शोधते."

३

पहिला नंबर माझा लागला.

"संतोषदादा, बटण तुम्ही दाबलंत. दाबल्यापासून पडदा काळा होईपर्यंत काय काय दिसलं?"

"काही नाही."

"आठवा."

ती माझ्याकडे रागानं बघत असती तर मी खोटं रेटलं असतं. ती नुसती बघत होती.

"एक इंग्रजी पाटी आली होती," मी म्हणालो. "काहीतरी चुकलंय, पुढे जायला एफ-वन दाबा. सगळे आरतीला खोळंबले होते. मी दाबलं. मग वाटलं, आपल्याच हातानं मशीन मेलं. म्हणून बोललो नाही. सॉरी."

भारतदादा उसळला. "बघ आई! हा पण सामील!"

योगिनीनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं संगणक बंद करून परत चालू केला आणि एक बटण टकाटक दाबत राहिली. निळा पडदा उघडला. त्यावर चौकोन, याद्या, आकडे.

"हीच ती आतली सेटिंग," ती म्हणाली. "इथे यायला माझा पासवर्ड लागतो. आत्ता मी टाकला?"

नव्हता टाकला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. संगणकानं विचारलाच नाही.

"म्हंजे तूच काढून टाकलास," भारतदादा म्हणाला.

"थांबा. वर तारीख वाचा, संतोषदादा."

मी वाचली. एक जानेवारी. साल तर मशीन आमच्याकडे यायच्याही आधीचं.

"कुणाला पासवर्ड काढायचा असेल तर तो पासवर्ड काढेल," योगिनी म्हणाली. "घड्याळ कशाला इतकी वर्षं मागे नेईल? आत कुणी शिरलंच नाही, आजी. संगणकच विसरलाय. तारीख विसरला, पासवर्ड विसरला, आणि मी बंद केलेली सोयही विसरला. कारखान्यातून निघताना जसा होता तसा झाला. ती पाटी तेच सांगत होती."

कुसाबाई पहिल्यांदा बोलल्या. "यंत्र कसं इसरंल, पोरी?"

"त्याला आठवण ठेवायला आत एक सेल असतो, आजी. रुपयाएवढा, चपटा. प्लग लावलेला असतो तोवर त्याची गरज नसते. प्लग निघाला की सेलवर सगळं टिकतं. सेल नसेल तर सगळं पुसलं जातं."

बोलता बोलता तिनं ती सोय बंद केली, तारीख नीट केली आणि संगणक परत सुरू केला. मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यांची तीन चित्रं उमटली. मी पट्टा चालू केला. डाळिंबं टकटक आपापल्या खोक्यात पडायला लागली. लाल मोठी इकडे, डागी तिकडे. बाहेरच्या बायकाही दारात येऊन बघायला लागल्या. पेचकसाशिवाय, बसल्या जागी, पोरीनं मशीन उठवलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"झालं, दादा," योगिनी हसून म्हणाली. "माझे कागद?"

भारतदादा पट्ट्याकडे बघत होता. "अन् प्लग काढला का पुन्हा बंद पडंल?"

"हो. नवीन सेल टाकेपर्यंत."

"मग हे नीट हे का? कागदावर काय लिहिलंय? नीट मशीन. सेल तुझ्या ताब्यातली वस्तू. तो संपला तर चूक तुझी." त्यानं खिशावर हात ठेवला. "हंगाम होईस्तोवर थांब."

४

सगळं सुटलं असं वाटलं आणि गाठ आणखी आवळली. मशीन चालू होतं, आणि ही जागच्या जागी. माझ्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. समोर कुसाबाई होत्या म्हणून.

योगिनी म्हणाली, "सेल संपलेला नाही. जूनमध्ये मी नवा टाकलाय. तो चार-पाच वर्षं जातो. तो संपला नाही, कुणीतरी काढलाय."

"कधी?" मी विचारलं. "काल तर मशीन चालू होतं."

"तीच तर यातली हुशारी आहे. प्लग लावलेला असताना काढला, तर काहीच कळत नाही. आठवड्यापूर्वी काढला काय, महिन्यापूर्वी काढला काय. ज्या दिवशी प्लग निघेल त्या दिवशी संगणक विसरणार. आणि आपल्याकडे प्लग कधी निघतो?"

"खंडेनवमीला," मी म्हणालो.

"माझ्या शेवटच्या दिवशी. ज्यानं काढला त्याला दोन गोष्टी माहीत होत्या, आजचा दिवस आणि सेलचं काम. जूनमध्ये सेल बदलताना मी हे सगळं समजावून सांगितलं होतं. तेव्हा डब्यापाशी दोघंच होते. भारतदादा आणि तुम्ही."

वीस बायका माझ्याकडे बघत होत्या. मी सेल काढला नव्हता हे मला माहीत होतं, पण ते दाखवायचं कसं? एफ-वनची गोष्ट लपवलेला माणूस मीच होतो.

"मी नाही," मी म्हणालो. माझंच मला पोकळ वाटलं.

योगिनी दाराकडे वळली. "नवसाबाई, तुम्ही किती वाजता आलात?"

नवसाबाई पदर सावरत पुढे आली. "आठला. जीपनं."

"मशीन बंद पडलं नऊला. मशीन असलं की बायका किती लागतात?"

"चार. फळं टाकायला."

"मग वीस कशाला आल्या?"

"दादानं सांगितलं व्हतं परवा. का समद्यांना घिऊन ये, सण असला तरी ये. अन् बसायला गोणपाटं आना म्हनलं."

"मशीनवर काम उभ्यानं असतं की बसून?"

"उभ्यानं. बसून तं हातानं निवडायचं आसलं तवा." नवसाबाई बोलता बोलता थबकली आणि भारतदादाकडे बघून तिनं जीभ चावली.

मला आता दिसलं घोडं कुठे पेंड खातंय. हातानं निवडायच्या बायका एक तास आधी दारात. मशीन बंद पडणार हे दोन दिवस आधी माहीत असलेला माणूसच त्यांना बोलावू शकतो. आणि मी बायका बोलावल्या नव्हत्या.

"आजी, आणखी एकच विचारते," योगिनी म्हणाली. "मागच्या खंडेनवमीला नारळ फोडल्यावर पट्टा अडकला होता. तेव्हा पूजेतला पाना कुणी उचलला होता?"

उत्तर आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. भारतदादानं उचलला होता, कपाळाला लावून, आणि पट्टा स्वतः सोडवला होता. तेव्हा रीत आडवी आली नव्हती.

"यंदाच डबा उघडायला नको होता," योगिनी म्हणाली. "सेल संपलाय की काढलाय, ते उघडलं की दिसलं असतं."

५

"सगळा अंदाज," भारतदादा म्हणाला. आवाज चढलेला, पण नजर कुणावरच ठरत नव्हती. "बायका बोलावल्या म्हंजे गुन्हा झाला? मशीनचा काय भरवसा? म्हनून बोलावल्या."

कुसाबाई खुर्चीतून उठल्या. पाटापाशी गेल्या. झेंडू बाजूला केला, पेचकस उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"उघड."

चार स्क्रू. मी एकेक काढला. झाकण निघालं. आत धूळ, ते जाडजूड कार्ड, आणि त्याच्या खाली एक गोल खाच. रिकामी.

मेलेला सेल खाचेतच राहतो. तो कुठे जात नाही.

"आता दोघं बी हिकडं या," कुसाबाई म्हणाल्या. "हत्यारांवर हात ठेवा अन् म्हना, म्या न्हाई काढला."

मी गेलो. पक्कड, हातोडी, टेस्टर, सगळी माझीच रोजची हत्यारं. हात ठेवला. "मी नाही काढला, मावशी." आणि या वेळी माझा आवाज पोकळ आला नाही.

भारतदादा जागचा हलला नाही. हा माणूस मी सहा वर्षं बघतोय. व्यापाऱ्याशी वायदा मोडेल, माझ्याशी तर रोजच मोडतो. पण पूजेतल्या हत्यारावर हात ठेवून खोटं बोलणं त्याच्या हातून होईना. त्यानं एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"हंगाम मध्यावर आलाय आई," तो अखेर म्हणाला. "ही गेली अन् ते मशीन रुसलं, तर कोण उठवनार? नाशिकात चार जणांना विचारलं. कुनी हात लावायला तयार नाय. मला दुसरं काय सुचलं नाय."

"तिला र्‍हा म्हनायचं सुचलं नाय?"

"म्हनलो असतो तर थांबली असती का?"

"नसती थांबली," कुसाबाई म्हणाल्या. "मंग जाऊ द्यायचं. मानूस हे ते. किल्ल्या आन."

त्यानं दिल्या. फाटकाची आणि कपाटाची, दोन्ही एकाच कडीत होत्या.

योगिनीची फाइल वरच होती, निळी. तिनं ती उघडून एकेक कागद मोजला, परत मोजला, आणि मग मात्र तिला रडू आलं. मोठ्यानं रडली. नवसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कुसाबाई कपाटापाशीच उभ्या होत्या. निळ्या फाइलीखाली अजून गठ्ठा होता.

"ही कुनाची बाडं?" त्यांनी विचारलं. "मला कुठं वाचाया येतं? पोरी, वाच गं."

योगिनीनं डोळे पुसले आणि वाचायला लागली. वेदिकाची दहावीची मार्कशीट. ती लेबलं लावायची, लग्न होऊन वणीला गेली त्यालाही तीन वर्षं झाली. वाळू नावाच्या ड्रायव्हरचं मूळ लायसन. तो इतकी वर्षं झेरॉक्सवर गाडी चालवतोय. रखवालदार सावळीरामचा शाळा सोडल्याचा दाखला. चार-पाच नावं अशी, जी आता कुणाला आठवतही नव्हती. योगिनी एकेक नाव मोठ्यानं वाचत होती आणि भारतदादा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"संतोष," ती म्हणाली, आणि कागदावरून माझ्याकडे बघितलं. "आयटीआय, वायरमन."

माझा तो मूळ कागद मी पहिल्याच दिवशी दिला होता. 'जपून ठेवतो' म्हणाला होता दादा. मला ते खरं वाटलं होतं. इतकं खरं, की सहा वर्षांत एकदाही मी तो परत मागितला नाही. मधे नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यातून दोनदा बोलावणं आलं. मूळ कागद घेऊन या म्हणाले. दोन्ही वेळा मीच स्वतःला सांगितलं की इथे काय वाईट आहे.

मी पुढे जाऊन तो घेतला. प्लास्टिकची पिशवी पिवळी पडली होती. फोटोतल्या पोराला बारीक मिशी होती आणि तो कॅमेऱ्याकडे फार आशेनं बघत होता.

योगिनी अडीचच्या नाशिकच्या बसनं गेली. मी तिला फाट्यापर्यंत सोडलं. खिडकीतून तिनं हात केला, मीही केला. मागोमाग नाशिकचीच दुसरी बस होती, अंबडवरून जाणारी. ती आली, थांबली, कंडक्टरनं माझ्याकडे बघून "येताय का?" म्हणून विचारलं. माझ्या हातात कागद होता, आणि मला कुणीही अडवलेलं नव्हतं. तरी पाय उचलेना. कंडक्टरनं घंटी मारली.